जुन्या पिकअपला ट्रिप कॉम्प्युटर बसवायचा आहे (मेकॅनिकल पंप, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नाही)

संत्रापट्टा, वरूड

नमस्कार मंडळी. घरची बोलेरो पिकअप आहे, २०१३ ची, बीएस-३, २५२३ सीसीचं डीआय इंजिन. बाबा आणि मी मिळून चालवतो. आंबिया बहारात संत्रा वरूडहून नागपूरला कळमन्याच्या मार्केटला नेतो. एरवी जे भाडं येईल ते: खताची पोती, सोयाबीन, लग्नाचं सामान.

माझी अडचण डिझेलच्या हिशेबाची आहे. बाबा म्हणतात गाडी बाराचा ॲव्हरेज देते. गाडी नवी असताना एकदा टाकी फुल्ल करून त्यांनी मोजलं होतं, तेव्हापासून तोच बारा धरून आम्ही भाडं सांगतो. मागच्या महिन्यात मी सलग तीन वेळा फुल्ल टू फुल्ल मोजलं. एकदा १२.८ आला, एकदा १०.१, एकदा ११.४. एका टाकीत पाच-सहा खेपा मिसळलेल्या असतात. भरलेली, रिकामी, डांबरी, पांदणीची (शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेची), सगळ्या एकाच बेरजेत. कोणत्या खेपेनं डिझेल खाल्लं ते समजायला काही मार्ग नाही.

चुलतभावाच्या कारमध्ये बटण दाबलं की ट्रिप शून्य होते आणि उतरताना किती किलोमीटर, किती लिटर ते समोर दिसतं. मला पिकअपमध्ये तेवढंच पाहिजे. स्टीयरिंगखाली ओबीडीचं (इंजिनची माहिती वाचायचं) सॉकेट नाही, पाहून झालं. कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा. वायरिंगचं थोडं जमतं, सोल्डरिंग येतं.

घाटवाट, परतवाडा

भाऊ, मी टाटाची २०७ पिकअप चालवतो, परतवाड्याहून सेमाडोह, धारणीकडं. तुझं दुखणं तेच माझं. घाट चढताना डिझेल किती जाते अन् उतरताना किती वाचते, हे मले पंधरा वर्षांत समजलं नाही.

एक विचारतो. बोलेरोच्या वरच्या मॉडेलले डिजिटल मीटर येत होतं ना? ॲव्हरेज दाखवे, डिझेल अजून किती किलोमीटर पुरते ते दाखवे. तेच मीटर जुन्या बाजारातून आणून तुझ्या गाडीले बसवलं तर? आमच्याकडच्या एका पोरानं केलं होतं. मीटर बसलं, लाईट बी लागले, पण ॲव्हरेजच्या जागी नुसत्या रेघा दिसे. काहून ते कोणाले सांगता आलं नाही.

सोल्डरगन, नागपूर

घाटवाट दादा, त्या रेघांचं कारण सांगतो, म्हणजे संत्रापट्टा भाऊंचा अर्धा प्रश्न तिथंच सुटेल.

ते मीटर स्वतः काहीच मोजत नाही, ते फक्त दाखवतं. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनात कोणतं नोझल किती वेळ उघडं ठेवायचं हे ईसीयू ठरवतो, म्हणजे किती डिझेल गेलं याचा आकडा त्याच्याकडे आधीच तयार असतो. तो वायरवरून मीटरकडे येतो आणि मीटर किलोमीटरला भागून दाखवतं. मेकॅनिकल पंपात हा आकडा कुठेच तयार होत नाही. पंपाच्या आत प्लंजर आणि गव्हर्नर आपसात ठरवून डिझेल सोडतात आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही. मीटर वाट पाहत राहतं आणि रेघा दाखवतं.

दुसरं, जुनं मीटर आणलं की त्यासोबत दुसऱ्या गाडीचे किलोमीटर येतात. उद्या गाडी विकताना घेणारा विचारणारच. कुणी बदललंच असेल तर बिलावर दोन्ही रीडिंग लिहून घ्या आणि जुनं मीटर फेकू नका.

आता तुमच्या गाडीचं. अंतर मोजणं सोपं आहे. गिअरबॉक्सवर तीन वायरींचा स्पीड सेन्सर असेल तर सिग्नलच्या वायरीला समांतर जोड घेता येतो. केबल असेल तर स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात डब्ल्यू आणि एक आकडा छापलेला असतो का पाहा. तो म्हणजे एका किलोमीटरला केबलचे किती फेरे. काहीच नसेल तर प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर लोहचुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोरून गेला की सिग्नल देणारा.

हिशेबासाठी टायर मोजायचा. २१५/७५ आर १५ चा व्यास कागदावर ७०३.५ मिलीमीटर येतो, म्हणजे परीघ २.२१ मीटर. पण भरल्या गाडीत टायर दबतो आणि चाक कागदापेक्षा कमी अंतर कापतं. म्हणून टायरवर खडूची खूण करा, नेहमीचा माल भरा, गाडी सरळ दहा फेरे ढकला आणि टेपनं मोजा. तो आकडा खरा.

डिझेल मोजणं मात्र अवघड आहे. त्यावर पंपाचं काम करणाऱ्या कुणी बोलावं.

काळीमाती, सेलू (वर्धा)

माझी पिकअप २०१८ ची, बीएस-४, कॉमन रेल. तिला ओबीडीचं सॉकेट आहे. ज्यांच्याकडे सॉकेट आहे त्यांच्यासाठी अनुभव लिहून ठेवतो.

त्या सॉकेटात लावायचा ब्लूटूथचा स्वस्त डोंगल, ईएलएम ३२७, घेतला, मोबाईलवर ॲप टाकलं. ॲपनं २२ चा ॲव्हरेज दाखवला. मी खूश. टाकी फुल्ल करून मोजलं तर १३. दोन महिने समजलं नाही की खोटं कोण बोलतं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पेरणीच्या दिवसांत गाडी दहा-बारा दिवस उभी होती आणि तो डोंगल सॉकेटात तसाच राहिला. बॅटरी पूर्ण उतरली. त्या सॉकेटाच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट चोवीस तास असतो, चावी काढली तरी. उतरताना डोंगल काढायची सवय लावून घ्या.

सोल्डरगन, नागपूर

काळीमाती भाऊ, खोटं ॲप बोलत होतं. बरीचशी ॲप इंजिनात शिरणारी हवा मोजतात आणि एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणानं भागून इंधन काढतात. पेट्रोल इंजिनात ते प्रमाण बहुतांश वेळ खरं असतं. डिझेल इंजिन हवा हवी तेवढी ओढतं आणि लोडप्रमाणे फक्त डिझेल कमी-जास्त करतं, त्यामुळे हवेवरून डिझेल काढता येत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘इंजिन फ्युएल रेट’ हा पर्याय दिसतो का पाहा. तुमचा ईसीयू तो आकडा देत असेल तर तोच घ्या. देत नसेल तर त्या ॲपच्या ॲव्हरेजवर भाडं ठरवू नका.

हिशेबवही, यवतमाळ

मी गाडी चालवत नाही, आमच्या पिकअपचा हिशेब मी ठेवते. सात वर्षांच्या वह्या आहेत. संत्रापट्टा भाऊ, यंत्र बसवाल तेव्हा बसवा, तोवर दोन गोष्टी करा.

फुल्ल टू फुल्ल मोजताना एकच पंप, त्यातलंही एकच मशीन ठेवा आणि गाडी त्याच जागी, त्याच दिशेनं उभी करा. जमीन थोडी जरी तिरपी असली तरी टाकीत लिटर-दोन लिटरचा फरक पडतो. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. त्यानंतर ‘राउंड फिगर’ करायला पंपावरची मुलं थोडं थोडं घालतात, तिथं हिशेब बिघडतो. मापाबद्दल शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाला समोर मोजून दाखवावं लागतं. मी एकदा मागितलं, त्यांनी मोजून दाखवलं, माप बरोबर निघालं. माझीच नोंद चुकली होती, पण मन मोकळं झालं.

दुसरं, खेपेच्या नोंदीत वेळ लिहा. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रांगेत आमची गाडी चार-चार तास असायची. पुढची गाडी सरकली की आपणही सरकायचं म्हणून इंजिन चालूच. किलोमीटर काहीच वाढत नाहीत, डिझेल जळत राहतं आणि दोष ॲव्हरेजला जातो. तुमच्या डिस्प्लेवर उभ्या गाडीचे तास वेगळे दिसले तर आमच्यासारख्यांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

संत्रापट्टा, वरूड

ताई, तासांचं डोक्यात घेतलं. सोल्डरगन भाऊ, माझ्या गाडीला केबल आहे, शाफ्टवर चुंबक लावतो.

डिझेलसाठी मी पाण्याचे फ्लो सेन्सर मागवले आहेत, वायएफ-एस२०१. दोन लावायचे, एक टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या लाईनवर, एक परतीच्या लाईनवर. जाणारं वजा परत येणारं, म्हणजे जळालेलं. रविवारी बसवतो.

पंपखोली, अकोला

भाऊ, थांबा. हे बसवू नका.

बावीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. तुमची गाडी ताशी साठनं जाताना तासाला साधारण पाच लिटर जाळते. मिनिटाला ८३ मिलीलिटर, चहाचा एक कप. तुम्ही मागवलेला सेन्सर अर्ध्या इंची पाण्याच्या नळासाठी आहे, त्याची मोजण्याची हद्द मिनिटाला १ लिटरपासून ३० लिटरपर्यंत. तुमच्या धारेनं त्याची चकरी नीट फिरणारच नाही.

परतीच्या लाईनचं अजून ऐका. पंप गरजेपेक्षा खूप जास्त डिझेल ओढतो, आतले भाग थंड ठेवतो, वंगण करतो आणि उरलेलं परत पाठवतो. समजा तासाला ४० लिटर गेलं आणि ३५ परत आलं, जळालं ५. दोन्ही मीटर चांगले, फक्त दोन टक्के चुकणारे आहेत असं धरा. एक ०.८ लिटर जास्त दाखवेल, दुसरा ०.७ कमी. चूक झाली दीड लिटर, पाच लिटरवर. तीस टक्के. त्यात परतीच्या डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे असतात, तेही डिझेल म्हणूनच मोजले जातात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमच्या गाडीत पंप स्वतः ओढून डिझेल घेतो. ओढणाऱ्या लाईनमध्ये सैल जोड किंवा अडथळा आला की डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी मधेच बंद पडते.

संत्रापट्टा, वरूड

काका, तुमचं लिहिलेलं मी सोमवारी रात्री वाचलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. जसं झालं तसं लिहितो, कारण माझ्यासारखा दुसरा कुणी हेच करायला निघाला असेल.

रविवारी सेन्सर बसवले. रिकामी गाडी गावात फिरवली, काही अडचण नाही. डिस्प्लेवर आकडे उड्या मारत होते, पण मला वाटलं प्रोग्राममध्ये दुरुस्ती करू. पहाटे तीनला साठ कॅरेट भरून निघालो. जलालखेड्याच्या अलीकडं गाडीनं दोन झटके घेतले, ओढ गेली आणि बंद पडली. स्टार्टर मारला, फिरते पण धरत नाही. एअर घेतली होती.

मोबाईल दातात धरून बॉनेट उघडलं. सेन्सरच्या प्लास्टिकच्या आट्यांना मी नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली होती. एका जोडाशी तिचं टोक बाहेर आलं होतं, बोटानं ओढलं तर सगळी टेप लांबच लांब निघून आली, डिझेलनं बुळबुळीत झालेली. तिथूनच हवा जात होती. दोन्ही सेन्सर काढले, जुनी नळी परत लावायला गेलो तर ती मी मधेच कापून ठेवलेली. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी त्यांच्या डब्यातला नळीचा तुकडा आणि दोन क्लिप दिल्या. प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारून मारून तळहाताला फोड आले. गाडी चालू झाली तेव्हा उजाडलं होतं. कळमन्याला पोचलो तोवर लिलाव उरकला होता, माल दुसऱ्या दिवशी गेला. संत्रा दुसऱ्याचा होता, त्यांना तोंड कसं दाखवायचं हे मला समजत नव्हतं. त्या खेपेचं भाडं मी घेतलं नाही.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की गाडी चालण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्यांच्या मधे काही बसवायचं नाही.

तरी मला हे सोडायचं नाही. बरोबर कसं करायचं तेवढं सांगा.

पंपखोली, अकोला

बाबांचं वाक्य बरोबर आहे, त्याच्यावरच बांधणी करू.

दोन मीटर नकोत. एकच मीटर आणि टाकीकडून येणारं फक्त ‘भरपाईचं’ डिझेल मोजायचं. त्यासाठी परतीची लाईन टाकीत न नेता मीटरच्या पुढे एका छोट्या डब्यात सोडायची. पंप त्या डब्यातून डिझेल घेतो, उरलेलं त्याच डब्यात परत टाकतो. डब्यात जेवढं कमी पडलं तेवढंच टाकीतून मीटरमधून येतं, आणि कमी पडलेलं म्हणजेच जळालेलं. वजाबाकी नाही, त्यामुळे मीटरची दोन टक्क्यांची चूक दोनच टक्के राहते.

डबा अर्ध्या लिटरचा पुरे. त्याला कार्बोरेटरमध्ये असतो तसा फ्लोट आणि सुई पाहिजे. पातळी खाली आली की सुई उघडते, भरली की बंद. बुडबुडे वर येऊन निघून जायला डब्याच्या डोक्यावर एक नळी, ती टाकीच्या मूळ परतीच्या लाईनला जोडायची. सुई अडकली आणि डबा भरून वाहिला तर ते डिझेल टाकीतच जाईल, रस्त्यावर सांडणार नाही. ही नळी बंद करायचा मोह टाळा.

आता सुईतून डिझेल ढकलायला टाकीकडच्या बाजूला १२ व्होल्टचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक फीड पंप लागेल. मग मीटरची लाईन ओढणारी राहत नाही, ढकलणारी होते. जोड सैल झाला तर हवा आत जाण्याऐवजी थेंब बाहेर दिसतो. डबा इंजेक्शन पंपाच्या उंचीच्या थोडा वर बसवा. फीड पंपाचा करंट रिलेवरून द्या आणि तो रिले अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरच्या सिग्नलनं चालवा, तो सिग्नल इंजिन फिरत असेल तेव्हाच येतो. इंजिन बंद पडलं की पंप बंद झालाच पाहिजे, अपघातात चावी चालू राहिली तरी.

मीटर ओव्हल गिअरचा घ्या, तासाला अर्ध्या लिटरपासून मोजणारा, डिझेलला चालणारा. त्याच्या आधी फिल्टर लावा, बारीक कचऱ्यानंही दाते अडकतात.

शेवटचं, आणि हे न करता बाकीचं करू नका: दोन तीन-तोंडी कॉक लावा, एक जाणाऱ्या लाईनवर, एक परतीच्या. दोन्ही दांडे फिरवले की गाडी कंपनीच्या जुन्या लाईनवर. रात्री दोनला रस्त्यावर उभं राहून हातानं फिरवता आले पाहिजेत, पाना न लावता.

उष्णतेचंही पाहा. परतीचं डिझेल गरम असतं. एरवी ते टाकीत जाऊन निवतं, आता अर्ध्या लिटरच्या डब्यातच फिरत राहील. डिझेल पातळ झालं की पंपाचं वंगण कमी होतं, ताकदही कमी होते. परतीची नळी ग्रिलच्या मागे वारा लागेल अशी दोन-तीन वेटोळी देऊन आणा. स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची. तांब्याची नको, तांब्यानं डिझेल लवकर बिघडतं आणि चिकटा धरतं. डबा एक्झॉस्ट आणि टर्बोपासून दूर.

सोल्डरगन, नागपूर

काकांनी नळ्यांचं सांगितलं, मी वायरींचं.

गाडीतले १२ व्होल्ट हे नावापुरते १२ असतात. इंजिन चालू असताना १४ च्या वर, स्टार्टर मारताना आठ-नऊपर्यंत खाली, आणि बॅटरीचा लग सैल असेल तर क्षणभर खूप मोठा झटका. आधी एक अँपिअरचा फ्यूज, मग झटका गिळणारा टीव्हीएस डायोड, मग व्होल्ट उतरवणारा बक कन्व्हर्टर. मोबाईल चार्जर तोडून काढलेला कन्व्हर्टर नको. वायर छिलून पिळून टेप मारू नका, लग क्रिंप करा आणि हीट श्रिंक चढवा. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद वितळून वायर उघडी पडते.

एक चूक सगळे करतात. आरडुइनोच्या (हिशेब करणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) ईईप्रॉममध्ये, म्हणजे कायम टिकणाऱ्या मेमरीत, दर सेकंदाला आकडा लिहितात, चावी काढली तरी हिशेब राहावा म्हणून. एका जागेवर लिहिण्याची हमी एक लाख वेळांची. दर सेकंदाला लिहिलं तर २८ तासांच्या चालवण्यात ती संपते. दर पाच किलोमीटरला लिहा, आणि चावी बंद झाल्याचं समजलं की एकदा. त्या शेवटच्या लिहिण्यापुरता जीव टिकायला एक मोठा कपॅसिटर पुरतो.

काळीमाती, सेलू (वर्धा)

डिस्प्लेबद्दल माझ्याकडून एक. निळ्या रंगाचा साधा दोन ओळींचा एलसीडी मी घड्याळ आणि व्होल्टसाठी डॅशवर लावला होता. मे महिन्यात हरभरा घेऊन हिंगणघाटच्या बाजार समितीत रांगेत होतो, दुपारी दोनची वेळ, काचा बंद. परत येऊन पाहतो तर पूर्ण पडदा शाईसारखा काळा. संध्याकाळी आपोआप परत आला. साध्या एलसीडीची हद्द ५० अंशांच्या आसपास असते, आणि बाहेर ४५ असताना काचेखालचा डॅश त्याच्या कितीतरी पुढं जातो. लाल आकड्यांचा एलईडी डिस्प्ले घ्या, किंवा छताला आरशाच्या वर बसवा, जिथं थेट ऊन येत नाही.

संत्रापट्टा, वरूड

दोन महिने झाले. आता लिहिण्यासारखं आहे.

काकांनी सांगितलं तसंच सगळं केलं, एकही गोष्ट गाळली नाही. डबा अमरावतीला एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियममध्ये करून घेतला, फ्लोट आणि सुई जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमधली. मीटरच्या एका पल्सला अर्ध्या मिलीलिटरच्या आसपास डिझेल जातं. ते पक्कं करायला हिशेबवही ताईंची पद्धत वापरली, पाच लिटरचं मापलेलं डिझेल कॅनमधून उंचावरून सोडलं आणि पल्स मोजल्या. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा जवळजवळ सारखं आलं.

साठच्या वेगाला सेकंदाला तीनच पल्स येतात, त्यामुळे क्षणाक्षणाचा आकडा नाचतो. दहा सेकंदांची सरासरी घेतली तेव्हा स्थिर झाला. गाडी उभी असेल तर किलोमीटरला भागायला काही नसतं, तिथं डिस्प्ले आपोआप ‘तासाला लिटर’ दाखवतो. डिस्प्ले लाल आकड्यांचा, छताला. खाली दोन बटणं, एक खेप शून्य करायला, एक टाकी फुल्ल केल्यावर दाबायला. अजून किती किलोमीटर जाईल ते टाकीच्या काट्यावरून काढलं नाही, भरलेल्यातून मोजलेलं वजा करूनच दाखवतो. काटा कोणत्याही गाडीचा असो, चढावर एक सांगतो, उतारावर दुसरं.

तीन टाक्यांचा ताळा: डिस्प्लेनं १२८.४ लिटर सांगितले, पंपाच्या पावत्यांची बेरीज १३०.९. दोन टक्क्यांच्या आत.

आता खेपा. वरूड ते कळमना भरलेली, १०४ किलोमीटर, ९.६ लिटर, म्हणजे १०.८ चा ॲव्हरेज. रिकामी परत, ७.४ लिटर, म्हणजे १४. दोन्ही मिळून १२.२.

बाबांचा बारा. मी त्यांना आकडा दाखवला तेव्हा ते थोडा वेळ डिस्प्लेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, त्या वेळी मोजलं तेव्हाही कळमन्याचीच खेप होती.

मग आमचे पैसे जात कुठे होते? पांदणीत. शेतातून सोयाबीन काढून गावात आणायच्या खेपांचा एक पूर्ण दिवस मोजला: ३८ किलोमीटर, ४.९ लिटर. ७.८ चा ॲव्हरेज. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चिखलातून काढायची, मग माल भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभी, कारण बॅटरीचा भरवसा नव्हता. उभ्या गाडीला तासाला पाऊण लिटरच्या जवळ जातं. आणि या खेपांचं भाडं आम्ही त्याच बाराच्या हिशेबानं किलोमीटरवर घेत होतो. आता पांदणीचं भाडं खेपेवर ठरवतो, किलोमीटरवर नाही. दोन शेतकऱ्यांनी विचारलं, त्यांना डिस्प्ले दाखवला, पटलं. बॅटरी नवी घातली आणि माल भरताना इंजिन बंद करतो.

ज्यांचा संत्रा त्या पहाटे उशिरा पोचला होता त्यांनी या आठवड्यात पुन्हा बोलावलं.

हिशेबवही, यवतमाळ

भाऊ, वाचून फार बरं वाटलं. पांदणीचं आमच्या वह्यांतही दिसतं, पण वेगळं काढता येत नव्हतं. उद्यापासून त्या खेपांना वेगळा रकाना करते. एक लक्षात ठेवा, मे आणि जानेवारीचे आकडे शेजारी ठेवताना जपून. उन्हाळ्यात डिझेल फुगतं.

पंपखोली, अकोला

ताई बरोबर बोलल्या. दर अंशाला शेकडा ०.०८ च्या आसपास. तीस अंशांच्या फरकाला अडीच टक्क्यांच्या जवळ जातं, म्हणजे मे महिन्यातल्या लिटरमध्ये माल थोडा कमी असतो.

संत्रापट्टा भाऊ, डब्याचं तापमान पाहिलं का? आणि कॉक एकदा तरी फिरवून पाहिले का? न फिरवलेला कॉक वेळेवर फिरत नाही.

संत्रापट्टा, वरूड

काका, तापमानाचा सेन्सर डब्यालाच लावला आहे. वेटोळी देण्याआधी भरल्या गाडीत ७० पर्यंत जात होतं, आता ५५ च्या वर गेलेलं पाहिलं नाही. मे महिन्यात पुन्हा सांगतो. कॉक दर रविवारी फिरवतो. गाडी जुन्या लाईनवर पाच मिनिटं चालवतो आणि परत आणतो. बाबांनाही अंधारात फिरवून दाखवायला लावलं, त्यांनी बॉनेट उघडून हातानं चाचपून दोन्ही दांडे बरोबर फिरवले.

घाटवाट, परतवाडा

भाऊ, मले पाह्यजेच हे. चिखलदऱ्याच्या घाटात वर जाताना अन् खाली येताना वेगवेगळं मोजायचं आहे. आरटीओत फिटनेसच्या वेळी साहेब काही म्हनतीन का?

संत्रापट्टा, वरूड

दादा, माझी गाडी आठ वर्षांच्या वरची, दरवर्षी फिटनेस असतं. या वेळी जाण्याआधी दोन्ही कॉक जुन्या लाईनवर केले, फीड पंपाचा फ्यूज काढला आणि साहेबांना स्वतःहून बॉनेट उघडून दाखवलं. त्यांनी जोड पाहिले, कुठं ओल नाही ना ते पाहिलं, पुढं काही विचारलं नाही. मूळ मीटरला मी हात लावलेला नाही, ते जसं होतं तसंच आहे.

तुमच्या २०७ साठी डब्याचं माप तेच चालेल, पण जागा वेगळी निघेल. येण्याआधी तीन गोष्टी मोजून ठेवा: परतीच्या लाईनचा बांजो बोल्ट (नळी जोडायचा पोकळ बोल्ट) किती एमएमचा, पंपापासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) किती मोकळी जागा, आणि एक्झॉस्ट कोणत्या बाजूनं जातो. पुढच्या रविवारी मी घरीच आहे. लेथवाल्याला एक डबा जास्तीचा सांगून ठेवतो.